सहाव्या रिळाला संगीत नको

सावकाराची तीन माणसं शेतकऱ्याच्या वस्तीवर येऊन बसली आहेत. तो बाजाराला गेलाय आणि परत येईपर्यंत ती हलणार नाहीत. भर दुपार, संवाद जवळजवळ नाहीच. आमच्या मराठी चित्रपटाचं हे सहावं रीळ. मी त्याचा साउंड एडिटर. पडद्यावर दार करकरतं, लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं, त्यातलं बरंचसं शूटिंगनंतर आमच्या खोलीत बसून लावलेलं असतं.

त्या दिवशी निर्माते अंधेरीच्या स्टुडिओत आले ते ठरवूनच. "इथे काहीच घडत नाही. लोक मोबाइल काढतील. दणदणीत म्युझिक लावा, नाहीतर प्रसंग निम्मा कापा." तात्पुरतं संगीत तर प्रसंगभर घातलेलं होतंच, त्यांना ते आणखी मोठं हवं होतं. दिग्दर्शिकेचा हा पहिलाच चित्रपट, ती गप्प झाली. मी म्हटलं, "सर, निर्णय तुमचाच. त्याआधी मला पाव तास द्या." आणि सेर्जिओ लिओने यांच्या 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची सुरुवात लावली.

ओसाड रेल्वे स्टेशन. तिघे बंदूकधारी गाडीची वाट बघतायत. कितीतरी मिनिटं संगीताचा एक सूर नाही. तेल न घातलेली पवनचक्की कुरकुरत राहते. तारयंत्राची कटकट जॅक एलमला सहन होत नाही, तो तारच उपटतो. मग एक माशी त्याच्या तोंडावर येऊन बसते. तो तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो, नळी कानाशी धरतो आणि तिची गुणगुण ऐकत बसतो. वूडी स्ट्रोड पाण्याच्या टाकीखाली उभा आहे. त्याच्या तुळतुळीत डोक्यावर थेंब पडतात, तो टोपी घालतो, आणि पुढचा थेंब वेगळा वाजतो. तिसरा, अल मुलॉक, बोटं मोडत बसलाय. मग गाडी येते, थांबते, निघून जाते. कुणी उतरलं नाही असं वाटून तिघे वळतात, तोच रुळांच्या पलीकडून हार्मोनिका वाजते. चार्ल्स ब्रॉन्सन उभा आहे. गोळीबार काही सेकंदांत उरकतो.

निर्माते बघत होते. मोबाइल खिशातच होता.

मी त्यांना सांगितलं ते आमच्या धंद्यातलं होतं. त्या काळात इटालियन चित्रपटांचे आवाज शूटिंगच्या वेळचे ठेवत नसत, सगळं नंतर भरायचे. आपल्याकडेही कित्येक वर्षं हीच पद्धत होती. म्हणजे ती कुरकुर, ती माशी, टोपीवरचा तो थेंब, हे सगळं कुणीतरी खोलीत बसून, विचार करून तिथे ठेवलंय. आणि हे संगीत परवडत नव्हतं म्हणून केलेलं नाही. या चित्रपटाचं संगीत एन्नियो मोरिकोने यांचं. त्यांनी चाली शूटिंगच्या आधीच बांधल्या होत्या आणि सेटवर त्या वाजवून लिओने नटांकडून काम करून घेत. हातात एवढा खजिना असताना त्या माणसाने पहिला सूर इतका वेळ राखून ठेवला. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातल्या बंदूकधाऱ्यांचे चित्रपट, मला आवडतात ते यासाठी. बंदुका बाकीच्या चित्रपटांतही असतात. थांबायला लावायचं धाडस आणि ते थांबणं भरून काढायची कारागिरी इथे दिसते.

फ्रेड झिनेमान यांच्या 1952 च्या 'हाय नून'मध्ये हीच वाट बघणं घड्याळावर बांधलंय. बारा वाजायला आले की टिकटिकीच्या ठेक्यावर एकेक चेहरा येतो, रिकामी खुर्ची येते, मग गाडीची शिट्टी. त्याच्या संकलनाला ऑस्कर मिळालं ते उगीच नाही.

निर्माते म्हणाले, "ते ठीक आहे, पण आपल्याकडे हे चालेल?" मग मी लिओनेंच्याच चित्रपटातला शेतावरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग लावला. उन्हातल्या किड्यांची किरकिर चालू असते. ती अचानक बंद पडते. कुणी काही बोललेलं नसतं, तरी बाप मान वर करतो, आणि आपल्या पोटात गोळा येतो. त्यानंतरच गोळी सुटते. हा प्रसंग बघताना 'शोले'मधलं ठाकूरचं घर आठवतं. तिथला झोपाळा करकरतो आणि 1975 पासून आपल्या लोकांनी तो श्वास रोखून ऐकलाय. तेव्हा आपला प्रेक्षक कंटाळेल हे म्हणणं मला पटत नाही.

"बरं, करून दाखव," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

आम्ही संगीताचा ट्रॅक म्यूट केला आणि प्रसंग पहिल्यांदा नीट पाहिला. तिघांतल्या थोराड माणसाच्या हातात अडकित्ता होता. तो सुपारी कातरत होता, संगीताखाली ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फॉली आर्टिस्टला, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत खऱ्या वस्तूंनी काढणाऱ्या कलाकाराला, बोलावून खऱ्या अडकित्त्याने खरी सुपारी कातरून घेतली. आधी पात्याचा दाब, मग कडक कट्, मग तुकडा तळहातावर पडल्याचा बारीक आवाज. उन्हाने तापलेला छपराचा पत्रा अधूनमधून टक् करतो, तो लावला. गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ अगदी तळाशी ठेवलं.

खरी जागा मात्र पुढे सापडली. दारात उभी असलेली शेतकऱ्याची बायको मधेच मान वर करते. का, ते चित्रात कळत नव्हतं आणि संकलक तेवढा तुकडा काढून टाकायच्या विचारात होता. लोकेशनच्या साउंड रेकॉर्डिस्टने विहिरीवरच्या मोटारीचा आवाज सुटा रेकॉर्ड करून पाठवला होता. आम्ही ती मोटार प्रसंगाच्या पहिल्या फ्रेमपासून चालू ठेवली आणि बाईने मान उचलायच्या क्षणभर आधी वीज घालवली. मोटार घरघरत बंद पडते. ती वर बघते. आता फक्त अडकित्ता उरतो. दिग्दर्शिकेने माझा दंड घट्ट धरला. त्या नटीने जे केलं होतं त्याला अखेर कारण मिळालं होतं.

संध्याकाळी संगीतकार आले. त्यांच्या मेहनतीचा एवढा तुकडा आम्ही बाजूला ठेवला होता, मला धाकधूक होती. त्यांनी सगळं ऐकलं, मोटार बंद पडते तिथून पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "माझी चाल शेतकऱ्याची सायकल कुंपणाशी पडल्यावर सुरू कर. त्याआधी एक सूरही नको."

मागे बसलेल्या निर्मात्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: "अडकित्ता थोडा वाढव."

वाढवला.