तुलनेला घेतलेला ताराच फिरत होता

सप्तर्षींच्या शेपटीखाली शामशबल तारकासमूहात कोर कॅरोली हा तारा आहे. लहान दुर्बिणीतून पाहिलं की एकाचे दोन होतात: एक 2.9 प्रतीचा ठळक, आणि 19 विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) 5.6 प्रतीचा मंद जोडीदार. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक. बरीच वर्षं मी तो पाहुण्यांना दाखवायचा सोपा जोडतारा म्हणूनच ओळखत होतो. मोठ्याचा प्रकाश 5.47 दिवसांत बदलतो हे वाचलं तेव्हा ठरवलं, आपणच मोजू.

तो बदल डोळ्यांना कळत नाही, म्हणून डीएसएलआर कॅमेरा, 50 मिमी भिंग आणि ट्रायपॉड घेतला. फोकस मुद्दाम थोडा घालवला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो आणि मापन स्थिर होतं. तारा उंच आला की रोज आठ-आठ सेकंदांच्या तीस रॉ फाइल्स. घरी येऊन डार्क आणि फ्लॅटच्या (म्हणजे झाकण लावून आणि एकसारख्या उजेडावर काढलेल्या फोटोंच्या) आधाराने कॅमेऱ्याच्या दोषांच्या दुरुस्त्या, मग हिरव्या चॅनेलवर मोजणी. या भिंगात जोडीदार वेगळा होत नाही, त्याचा सुमारे आठ टक्के प्रकाश मोजणीत मिसळतो. तो मी मिसळू दिला. त्यामुळे मुख्य ताऱ्याचा चढ-उतार किंचित कमी दिसतो, एवढंच.

आवर्तकाल मोठा सोयीचा निघाला. दोन फेऱ्यांना जवळजवळ अकरा दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या फेरीतल्या रात्री पहिल्या फेरीच्या मधल्या जागा भरतात. सलग अकरा रात्री मिळाल्या तर संपूर्ण फेरी भरून निघते. मला मात्र ढगांमुळे दोन महिन्यांत तेवीसच मिळाल्या.

तुलना-तारा, म्हणजे ज्याच्या तेजाशी ताडून मोजायचं तो तारा, म्हणून मी सप्तर्षींतला अंगिरस घेतला. पांढरा, ठळक, चौकटीत छान बसणारा. सुरुवातीचे बिंदू एका वळणावर बसलेही. दुसऱ्या महिन्यात ते सरकू लागले. वळणाचा माथा पसरला, उतार बदलला. मी फ्लॅट पुन्हा काढले, भिंग पुसलं, सगळी मोजणी दोनदा केली. शेवटी अंगिरसाची नोंद उघडली तेव्हा उलगडा झाला: तोही त्याच जातीचा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा तारा, काल 5.09 दिवस! दोघांची गाठ साधारण 73 दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखी पडते, आणि मी नेमका त्याच्या आत दोन महिने मोजत बसलो होतो. अंगिरसाचा चढ-उतार अगदी लहान आहे, पण मी जे शोधत होतो तेही लहानच होतं.

सुदैवाने सप्तर्षींतलाच मरीची प्रत्येक चौकटीच्या कडेला होता आणि रंगाने तो कोर कॅरोलीच्या बराच जवळचा आहे. मरीचीशी तुलना करून, सप्तर्षींतल्याच अत्रीवर पडताळा घेत, सगळ्या फाइल्स पुन्हा मोजल्या. 1932 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फार्न्सवर्थ यांनी दिलेल्या 5.46939 दिवसांच्या कालावर बिंदू घडी घालून, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून मांडले, आणि एक मऊ लाट उभी राहिली, माथ्यापासून तळापर्यंत प्रतीच्या पाच शतांशांच्या आसपास.

ही लाट कसली, हे समजल्यापासून मला त्या ताऱ्याबद्दल वेगळीच ओढ वाटते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्धा गॉस, याचं काही हजार गॉस. परिवलन, म्हणजे स्वतःभोवतीचं फिरणं, अशा तप्त ताऱ्यांच्या मानाने संथ, वातावरण शांत. अशा शांततेत प्रकाश जोराने शोषणारी मूलद्रव्यं किरणांच्या रेट्याने वर येतात, बाकीची खाली बसतात, आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना ठिकठिकाणी डागांसारखं धरून ठेवतं. सिलिकॉन, क्रोमियम, युरोपियम. क्षेत्राचा अक्ष परिवलनाच्या अक्षाला तिरका, म्हणून डाग पाळीपाळीने आपल्या समोर येतात. दाट डाग जंबुपार (अतिनील) प्रकाश गिळतात आणि ती ऊर्जा दृश्य प्रकाशात बाहेर पडते. म्हणून वर्णपटात युरोपियमच्या रेषा सर्वांत ठळक असतात त्या सुमारास तारा आपल्याला उजळ दिसतो, आणि जंबुपार प्रकाशात त्याच वेळी मंद असतो. 1897 मध्ये खगोलशास्त्रज्ञ अँटोनिया मॉरी यांना या ताऱ्याचा वर्णपट विचित्र वाटला होता, तो याच द्रव्यांमुळे.

मोजणी संपल्यावर एक पडताळा उरला होता. पुढचा माथा कोणत्या रात्री येईल ते गणित करून वहीत लिहिलं आणि ती रात्र येईपर्यंत आलेखाला हात लावला नाही. त्या रात्री आकाश स्वच्छ होतं. तीस फाइल्स, दोन तासांची मोजणी, आणि चोविसावा बिंदू लाटेच्या माथ्यावर.