माळरानावरचा वारा
आज एमा टॅमी दिग्दर्शित ‘द विंड’ (2018) हा भयपट पाहिला. एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकेतलं ओसाड माळरान, दोनच घरं, मोजकी पात्रं. सिनेमाचं बजेट बेताचं आहे हे जाणवतं, पण त्यामुळेच तो एकटेपणा अंगावर येतो. खरी कमाल आवाजाची आहे. घोंघावणारा वारा, कुरकुरणारं लाकूड आणि मग एकदम शांतता... बापरे! केटलिन जेरार्डने नायिका लिझीचा ढळत जाणारा तोल नुसत्या नजरेतून उभा केलाय. काय काम केलंय त्या बाईने!

खटकलं ते कथेचं सतत मागेपुढे उड्या मारणं. आधी काय घडलं, नंतर काय, हे जुळवण्यातच लक्ष अडकतं. आणि सैतान डोळ्यांना दिसला की भीती ओसरते. तो शेवटपर्यंत नुसता ऐकू यायला हवा होता.