तुम्ही विचारलंत म्हणून: कोयनेच्या मोजणीत समुद्र कशाला?

पाटण तालुक्यात कुणाच्या रानात आमची यंत्रं मांडायला घेतली, की थोडं थांबून बघणारे विचारतात, "मोजणी कोयनेच्या जमिनीची, मग तुमच्या बोलण्यात सारखा समुद्र कसा?" प्रश्न मला मनापासून आवडतो.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत हलत असतं, आणि त्या हलण्यानं जमिनीत विजेचे बारीक प्रवाह निर्माण होतात. आम्ही दोन्ही मोजतो, म्हणजे जमिनीखालचा दगड कुठं किती वीज वाहू देतो ते कळतं. त्यासाठी भांडीवजा इलेक्ट्रोड (जमिनीतली वीज टिपणारी टोकं) बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि मिठाच्या पाण्याच्या चिखलात बसवतो, वाऱ्यानं तार हलू नये म्हणून तीही मातीखाली दाबतो. रात्री थ्री फेज आली आणि विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या, की नोंद बिघडते. म्हणून वस्तीपासून लांबचा सडा, म्हणजे डोंगरावरचं मोकळं पठार, बरा.

चुंबकीय क्षेत्राच्या या हलण्याची लहर जितकी संथ, तितकी ती जमिनीत खोल जाते. १०० ओहम-मीटर रोधाच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं हे माप) दगडात १०० सेकंदांत एक फेरा पुरा करणारी लहर साधारण ५० किलोमीटर उतरते. समुद्राच्या पाण्यात तीच अडीच-तीन किलोमीटरांतच क्षीण होते, इतकं ते पाणी वीजवाहक. म्हणून अरबी समुद्र म्हणजे या प्रवाहांचा हमरस्ताच. किनाऱ्यालगत ते एकवटतात आणि चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक तिथं वाढतो. ऑस्ट्रेलियात पार्किन्सन या संशोधकांनी १९५९ मध्ये यावर लिहिलं; या उभ्या घटकावरून त्यांच्या नावाचे बाण आजही नकाशावर काढतात, टोक चांगल्या वाहकाकडे. कोयनानगरहून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. मध्ये सह्याद्री आहे, पण संथ लहरींना त्याची आडकाठी नाही. घाटमाथ्यावरच्या बाणांनाही पश्चिमेची ओढ लागते.

आणि कोयनेत ही ओढ ओळखणं फार गरजेचं आहे. इथं वर सुमारे किलोमीटरभर बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट-नाइस हा जुना कठीण दगड. हा खालचा दगड वीज जवळजवळ वाहू देत नाही. त्यात वाहक पट्टा दिसला, तर भेगांत पाणी असण्याची शक्यता असते, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याचा आणि इथल्या हादऱ्यांचा संबंध अभ्यासला जातोय. अशा ठिकाणी समुद्राची ओढ चुकून धरणाखालच्या भेगेच्या नावावर मांडली, तर सगळाच अर्थ उलटतो.

म्हणून गणित करताना आधी समुद्र त्याच्या खोलीसकट मांडायचा, खाली भेग-बिग काही नाही असं धरायचं आणि बाण कसे येतात ते बघायचं. रानात मोजलेले बाण त्याहून वेगळे निघाले, तरच जमिनीखालच्या वाहकाचा शोध सुरू करायचा.