बोटीच्या मागच्या टोकावरून: वॉलिस लेकवरची माझी पहिली ब्रीम स्पर्धा

शुक्रवारी दुपारी अडीचला सिडनीतल्या वेस्टमीडहून निघालो. वॉलिस लेकच्या काठावरचं फॉर्स्टर तिथून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण शुक्रवारी सिडनीबाहेर पडेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि स्पर्धेच्या ब्रीफिंगला दहा मिनिटं उरली होती. तुम्ही जाणार असाल तर बाराच्या आत निघा. ब्रीफिंग चुकवून चालत नाही. कुठे मासेमारीला बंदी आहे, परतायची वेळ कोणती, उशीर झाला तर माशांच्या एकूण वजनातून किती कापतात, हे सगळं तिथेच कळतं, आणि दुसऱ्या दिवशीचा जोडीदारही तिथेच ठरतो.

मी मालवणजवळच्या देवबागचा. कर्लीच्या मुखाशी बाबांबरोबर गरवतच लहानाचा मोठा झालो. ऑस्ट्रेलियातला यलोफिन ब्रीम हा गोव्यात ज्याला पालू म्हणतात त्याच्याच गोतातला मासा. खाडीत राहतो, कालवं-खेकडे फोडून खातो, आणि जितका चवीचा तितकाच संशयी. त्यामुळे मासा ओळखीचा होता. स्पर्धा मात्र पूर्णपणे नवीन होती. खरं आमिष चालत नाही, फक्त ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष. मासे मारायचे नाहीत, बोटीतल्या वाहत्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, वजन करून परत सोडायचे. वजनासाठी दिवसाला जास्तीत जास्त पाच. पाच झाल्यावर मोठा मिळाला तर लहान सोडून त्याच्या जागी मोठा ठेवायचा.

बोट नाही म्हणून मी दोन वर्षं नुसताच बघत बसलो होतो. त्याची काहीच गरज नव्हती. एबीटी ही संस्था भरवते त्या ब्रीम स्पर्धांमध्ये बोटवाले आणि बिनबोटीचे असे दोन गट असतात. बिनबोटीच्या माणसाला ‘नॉन-बोटर’ म्हणतात. रोज नवा जोडीदार मिळतो. बोटवाला पुढच्या टोकावर उभा राहून इलेक्ट्रिक मोटर सांभाळतो, कुठे जायचं तेही तोच ठरवतो. तुम्ही मागच्या टोकावरून टाकता. तुमची चढाओढ इतर नॉन-बोटरांशी असते, त्याच्याशी नाही. स्वतःचा कयाक (वल्ह्याची छोटी होडी) असेल तर होबी ह्या कयाक कंपनीच्या नावाची मालिका वेगळी आहे, तिथे पाचऐवजी तीन मासे मोजतात. पण नवख्याने आधी नॉन-बोटर व्हावं असं माझं ठाम मत आहे. आयुष्यभर ब्रीमच्या मागे असलेला माणूस दिवसभर तुमच्यापासून तीन मीटरवर उभा असतो. अशी शिकवणी दुसरीकडे मिळत नाही.

पहिल्या दिवशीचे माझे जोडीदार साठी ओलांडलेले, निवृत्त सुतार. पहाटे साडेपाचला धक्क्यावर भेटलो. मी चार रॉड आणि पाठीवर मोठी बॅग घेऊन गेलो होतो. त्यांनी काही न बोलता दोन रॉड परत गाडीत ठेवायला लावले. बरोबरच होतं. मागच्या टोकावर जागा इतकी कमी असते की जास्तीच्या सामानात पाय अडकतो. दोन रॉड, फार तर तीन, आणि हातात मावेल एवढी ल्यूरची डबी पुरे. अंगावर लाइफ जॅकेट, खाली स्वच्छ मऊ तळव्यांचे बूट, डोक्याला दिवा, पावसाळी कोट, पोलराइज्ड चष्मा, स्वतःचं जेवण-पाणी. आणि पेट्रोलचा वाटा आपणहून, दिवस सुरू होण्याआधीच द्या.

आम्ही सरळ कालवांच्या रॅककडे गेलो. वॉलिस लेक हा सिडनी रॉक ऑयस्टरचा मोठा पट्टा. लाकडी खांबांवर आडव्या पट्ट्या, त्यावर कालवं, आणि त्यांच्या सावलीत ब्रीम. ल्यूर लागला की मासा एका दमात रॅकखाली घुसतो आणि कालवांच्या धारेवर दोरी कापली जाते. माझा लीडर, म्हणजे ल्यूरआधीचा दोरीचा शेवटचा तुकडा, चार पौंडांच्या ताणाला टिकणारा होता आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल, जसा मोकळ्या पाण्यात ठेवतो तसा. पहिल्या तासात तीन मासे गेले. दर वेळी दोरी हलकी होऊन परत यायची आणि टोकाला खरवडलेला लीडर. तिसऱ्यानंतर जोडीदारांनी स्वतःचा दहा पौंडांचा लीडर काढून दिला, माझा ड्रॅग स्वतःच्या हाताने आवळला आणि म्हणाले, इथे मासा खेळवायचा नसतो, ओढून काढायचा असतो. त्या दिवशी शेवटी दोनच मासे झाले, पण दोन्ही त्या लीडरवर.

एक गोष्ट पाळाच. हे रॅक कालवं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे आहेत. बोट त्यावर घासू देऊ नका, अडकलेला ल्यूर हिसडू नका, आणि ते कामाला आले असतील तर तिथून निघा. त्यांनी हरकत घेतली तर पुढच्या वर्षी कुणालाच तिथे टाकता येणार नाही.

रात्री बाबांना फोन केला. दोन मासे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “पाणी कसं होतं?” मी सांगितलं की नऊच्या सुमाराला माशांनी खाल्लं, उद्याही नऊला तिथेच थांबणार. ते म्हणाले, “घड्याळ कशाला बघतोस? पाणी बघ.” भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी स्पर्धेच्या धावपळीत विसरलो होतो. शिवाय तक्त्यातली वेळ समुद्राच्या मुखाची असते. वॉलिससारख्या पसरट तळ्यात पाणी आत पोचायला आणखी वेळ घेतं, नद्यांकडे जावं तसा जास्त. म्हणून सरावाच्या दिवशी एका जागी पाणी उतरायला कधी लागलं ते वहीत लिहा. रॅकच्या पट्ट्या उघड्या पडू लागल्या की मासे कडेला येतात. मला उपयोगी पडली ती ही खूण.

दुसऱ्या दिवशी जोडीदार होती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. पाण्यावर तिची नजर अशी की बघत राहावं. ती पुढून क्रँकबेट, म्हणजे ओढला की बुडी मारून पोहणारा कडक ल्यूर, भराभर ओढत होती. मीही तेच केलं तर तिने आधीच चाळलेल्या पाण्यात माझ्या वाट्याला काही येत नव्हतं. मग मी उलट केलं. अडीच इंची मऊ प्लॅस्टिकचा ल्यूर, हलका १/२० औंसाचा जिगहेड (डोक्याशी शिसं असलेला गळ), रॅकच्या खांबाला चिकटून टाकायचा आणि नुसता बुडू द्यायचा. दोरीकडे बघत राहायचं. बुडता बुडता दोरी जराशी बाजूला सरकली की मासा आहे. क्रँकबेट बघून बिचकलेले ब्रीम ह्या सावकाश पडणाऱ्या घासाला तोंड लावत होते. मागच्या टोकावरच्या माणसाने पुढच्याची नक्कल करू नये, त्याने सोडलेलं पाणी वेगळ्या गतीने तपासावं. दहाच्या सुमाराला पट्ट्या उघड्या पडल्या आणि पुढच्या पाऊण तासात माझे चार मासे झाले.

पाचवा सर्वांत अवघड. न्यू साउथ वेल्समध्ये ब्रीमची किमान कायदेशीर लांबी २५ सेंटिमीटर. माझा मासा मोजपट्टीवर रेषेला टेकत होता आणि नव्हता. जोडीदार म्हणाली, शंका आहे ना, मग सोड. लहान मासा वजनाला आणला तर दंड होतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कायदा आहे. सोडला. परतायच्या वीस मिनिटं आधी पुलाच्या खांबाशी दुसरा लागला, चांगला तीस सेंटिमीटरचा. पाचांचं वजन अडीच किलोच्या वर गेलं. क्रमांक मधोमध आला, पण मला पाच पुरे झाले ह्याचंच समाधान होतं. पहिल्या वर्षी मोठ्या माशाच्या मागे लागू नका, पाच भरा.

मासे जिवंत ठेवणं हा ह्या खेळाचा कणा आहे. हात ओले करून धरा, रबरी विणीची हातजाळी वापरा, टाकीचा पंप चालू आहे ना हे अधूनमधून बघा. मेलेल्या माशालाही दंड असतो. घरी हे सांगितलं तेव्हा आईने विचारलं, “एवढे पकडून परत सोडलेस?” तिला अजून पटलेलं नाही. मला मात्र वजनानंतर पाचही मासे सोडण्याच्या टाकीत सरळ पोहताना दिसले तेव्हा फार बरं वाटलं.

निघण्याआधी राज्याची मासेमारी फी ऑनलाइन भरा आणि पावती फोनमध्ये ठेवा. नॉन-बोटरच्या जागा बोटींच्या संख्येवर ठरतात, म्हणून नोंदणी उघडताच नाव घाला. मी पुढच्या खेपेला एका रॉडवर दहा पौंडांचा लीडर घरूनच बांधून नेणार आहे, दुसऱ्यावर चार पौंडांचा, आणि शुक्रवारची पूर्ण रजा टाकणार आहे.