ग्लास्टनबरीला व्हॉलंटियर म्हणून जाताय? रात्रपाळीची तयारी ठेवा

‘ग्लास्टनबरी फुकटात बघा’ छापाचे व्हिडिओ बघून इंग्लंडमधल्या या संगीत महोत्सवासाठी अर्ज भरणार असाल तर आधी हे वाचा. फुकट काही नाही. ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेतर्फे स्टुअर्ड, म्हणजे गेट आणि गर्दी सांभाळणारा व्हॉलंटियर म्हणून गेलात की आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या, त्यातली एक रात्रीची. अनामत आधी भरायची, पाळ्या पूर्ण केल्या की ती परत मिळते. 2025 चं तिकीट 373.50 पाउंड होतं, त्यामुळे सौदा चांगला आहे. पण कुठली पाळी मिळेल ते आपल्या हातात नसतं. शनिवारी रात्री पिरॅमिड या मुख्य स्टेजवर नील यंग गात होता आणि मी लांब गेटवर पिवळं जाकीट घालून लोकांचे मनगटपट्टे तपासत होते. ऐकू आला तो फक्त बेस. ठरावीक कलाकारासाठीच जायचं असेल तर तिकीट काढा, व्हॉलंटियर होऊ नका.

रात्रपाळीबद्दल कुणीच धड सांगत नाही. दुपारी घामाच्या धारा लागतात म्हणून माझ्यासोबतचा मुलगा टी-शर्टवर आला आणि दोन वाजल्यापासून काकडत होता. फेस्टिव्हल भरतो त्या सॉमरसेट परगण्यात जूनअखेरीसही पहाटे दव पडतं, बुटांची टोकं ओली होतात. थर्मल, कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. पण खरा त्रास पाळी सुटल्यावर. सहाला पाळी संपते, तंबूत शिरून डोळा लागतो न लागतो तोच ऊन वर येतं आणि आत भट्टी पेटते. मी मॅट ओढत बाहेर आले आणि गवतात तोंडावर ओढणी घेऊन पडले. तंबू झुडपांच्या कुंपणाच्या पश्चिमेला लावा, सकाळची सावली तिथेच पडते. डोळ्यांवरची पट्टी आणि इअरप्लग विसरलात तर पुढचा अख्खा दिवस वाया गेला समजा.

दुसरा मनस्ताप टॅक्सीचा. जवळच्या कॅसल कॅरी रेल्वे स्टेशनवरून फेस्टिव्हलची मोफत शटल बस बुधवारपासून असते, आणि व्हॉलंटियरना त्याआधीच पोचायचं असतं. स्टेशनबाहेर एका टॅक्सीवाल्याने आम्हा चार अनोळखी लोकांना एकत्र कोंबलं आणि उतरताना प्रत्येकाकडून 25 पाउंड घेतले. अंतर सात-आठ मैल! ही सरळ लूट आहे. सामान डिकीत टाकायच्या आधी पूर्ण गाडीचं भाडं ठरवून घ्या.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते. बिनपगारी काम काही वेळा त्यात धरतात, काही वेळा नाही, आणि तीन पाळ्यांचे होतात 24 तास. मास्टर्सवाल्यांचा जून-जुलै प्रबंधातच जातो, त्याला सुट्टी समजू नका. अर्जाआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. एका फेस्टिव्हलसाठी व्हिसा धोक्यात घालू नका.

बाकीचे दिवस छान गेले. व्हॉलंटियरांचं कॅम्पिंगचं शेत वेगळं असतं आणि तिथे शॉवर असतात, हे सुख बाहेरच्या बहुतेक लोकांच्या नशिबी नाही. स्टीलची बाटली न्या. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक बाटल्या 2019 पासून तिथे विकतच नाहीत, नळ मात्र जागोजागी आहेत. गोव्याच्या फिश करीचा स्टॉल शोधा, रात्रपाळीआधी तेच खा. आणि आडोसा बघून कुंपणाशी लघवीला बसू नका. ती ओढ्याला जाते आणि फेस्टिव्हल भरतो ते वर्दी फार्म हे दुभत्या गायींचं चालू शेत आहे.

त्याच गायींसाठी आणि जमिनीसाठी 2026 साली शेत पडीक ठेवलं आहे, म्हणजे पुढची संधी 2027 ला. तोवर एकदा रात्रभर उभं राहून बघा. आठ तास पाय टिकले तर बिनधास्त अर्ज करा, मी पुन्हा करणार आहे.