चित्र येत होते, मग एम. एफ. ए. कशाला?

नातेवाईक, शाळेतले सहकारी आणि आता माझ्याच विद्यार्थ्यांचे पालक गेली नऊ वर्षे मला हाच प्रश्न विचारत आले आहेत. चित्र तर आधीपासूनच येत होते, पदवीही हातात होती, मग प्रिंटमेकिंगमध्ये, म्हणजे छापचित्रकलेत, एम. एफ. ए. (ललित कलेतली पदव्युत्तर पदवी) करण्यासाठी दोन वर्षे आणि वडिलांची मुदतठेव कशाला मोडलीत? आजवर मी समोरच्याला पटेल ते उत्तर देत आले. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी सगळेच सांगते.

पटणारे उत्तर नोकरीचे आहे. कला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे, तर साधारणपणे किमान 55 टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. हे खोटे नाही. पण तेविसाव्या वर्षी माझ्या मनात नोकरी नव्हती, छापाचा प्रेस होता. रंगाचे काम घरातल्या कोपऱ्यातही करता येते. एचिंगसाठी, म्हणजे ॲसिडने पत्रा कोरून छाप काढण्यासाठी, मात्र लोखंडी रुळांचा जड प्रेस, ॲसिडचे ट्रे आणि धूर बाहेर टाकणारा पंखा लागतो आणि तालुक्याच्या गावी यातले काहीही मिळत नाही. पदवी संपली त्या दिवशी माझे प्रेसपाशी जाणे संपले होते.

“छापच ना, मग झेरॉक्समध्ये आणि त्यात फरक काय?” असेही विचारले जाते. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापखाना (दगडावरून चित्रे छापण्याचा कारखाना) काढला आणि देवादिकांची चित्रे सामान्यांच्या घरांत पोहोचली. हे मोठेच काम होते, पण छाप म्हणजे मूळ चित्राची स्वस्त प्रत, हा समजही आपल्याकडे तेव्हापासून भिंतीवर टांगलेला आहे. शिल्पकार आणि छापचित्रकार सोमनाथ होर यांनी 1970च्या दशकात शांतिनिकेतनात कागदाच्या लगद्यातून जखमांची मालिका घडवली, तिच्यात पांढऱ्यावर पांढरा उठाव आहे आणि शाई जवळजवळ नाहीच. ती कोणत्या मूळ चित्राची प्रत म्हणायची? जस्ताच्या पत्र्यावर राळेचे दाणे वितळवून बसवावेत, ॲसिडने तो किती खाल्ला हे मिनिटांवर मोजावे, शाई भरावी, जाळीच्या कापडाने पुसावी, आणि एवढे करून एक छाप निघतो. दुसऱ्यासाठी शाई भरण्यापासून पुन्हा सुरुवात. हे शिकायला दोन वर्षे फार नाहीत, असे मला आजही वाटते.

किंमत मात्र फक्त ठेवीची नव्हती, आणि ती मी कोणालाच नीट सांगितलेली नाही.

शेवटच्या सत्राचे प्रदर्शन आणि तोंडी परीक्षा चार दिवसांवर असताना दादाचा फोन आला. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, छातीत दुखू लागले होते, त्यांना सांगलीला नेले होते आणि दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी करायची होती. माझी संस्था दुसऱ्या राज्यात, रात्रभराच्या प्रवासावर. त्या क्षणी माझ्यासमोर दहा एकसारख्या छापांच्या आवृत्तीसाठी भिजवलेला कागद प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला होता. तो सुती कागद महाग होता, उन्हाळ्याचे दिवस होते आणि तसाच ठेवून गेले असते तर त्यावर बुरशी आली असती. मी दादाला म्हणाले, “परीक्षा पुढे ढकलता येत नाही.” तो काहीच बोलला नाही. मी फोन ठेवला आणि शाई मळायला घेतली. त्या रात्री सहा छाप काढले, दुसऱ्या दिवशी चार. एकेका छापाला 40 मिनिटे लागत होती. मधे आईचा फोन आला, तो हाताला शाई होती म्हणून मी उचलला नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, हे मला दादाच्या संदेशावरून कळले.

मी पाचव्या दिवशी पोहोचले. आप्पा स्वतः ए. टी. डी. (कला शिक्षक पदविका) झालेले चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी एवढेच विचारले, “दहाही सारखे आले का?” मी हो म्हणाले. दोन फिके आले होते.

परीक्षा पुढे ढकलता येत नाही, हे मला कोणीही सांगितलेले नव्हते. मी सरांना विचारलेच नव्हते. त्यांनी कदाचित मुदत दिली असती, कदाचित नसती. पण विचारले आणि त्यांनी होकार दिला, तर जावे लागेल, म्हणून मी विचारले नाही, असा आरोप मी स्वतःवर अनेकदा केला आहे. त्यावर तेव्हाची मी म्हणते की दादा तिथे होता, डॉक्टर होते, माझ्या जाण्याने शस्त्रक्रियेत काही बदलणार नव्हते. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. आईने त्या दिवशी रिकाम्या बाकावर बसून मला फोन लावला होता, हेही खोडता येत नाही.

म्हणून कोणी विचारले की मुलीला एम. एफ. ए.ला पाठवू का, तर मी हो किंवा नाही म्हणत नाही. प्रेस किती आहेत आणि चालू किती, वर्कशॉप रात्री किती वाजता बंद होते, कागदाचा खर्च कोणाचा, हे प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या, असे सांगते. घरी काही झाले तर परीक्षा पुढे ढकलता येते का, तेही तेव्हाच, मुलीच्या समोर विचारा.