तुम्ही विचारलंत म्हणून : पासिंगचा खरंच काही उपयोग असतो का?

"पासिंगचा काही उपयोग असतो का हो, की नुसता पैसे काढायचा धंदा?" पासिंग म्हणजे आरटीओकडची गाडीची सक्तीची तपासणी, कागदावर जिला फिटनेस म्हणतात. पारोळ्याजवळ महामार्गाला लागून माझं गॅरेज आहे. ट्रकवाले हे विचारतात, पिकअपवाले विचारतात, पंधरा वर्षांची मारुती घेऊन आलेले निवृत्त मास्तर विचारतात. अहिराणीत प्रश्न आणखी रोखठोक होतो : "गाडी चाली ऱ्हायनी ना, मंग कसाले पासिंग?" हातात पाना असताना याचं धड उत्तर देता येत नाही. "घ्या करून, दंड वाचेल" एवढंच तोंडातून निघतं. म्हणून एकदा बसून लिहितो.

उपयोग आहे. पण आरटीओच्या मैदानात गाडी उभी राहते तेवढ्या वेळाचा फारसा नाही. त्याआधीच्या आठवड्याचा आहे.

मालवाहू किंवा प्रवासी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. ती तारीख जवळ आली की माणसं माझ्याकडे येतात. वर्षभर एकाच हेडलाइटवर चाललेल्या पिकअपला दुसरा दिवा बसतो. मागच्या ब्रेकलाइटचा गंजलेला होल्डर बदलतो. वायपरचं रबर, इंडिकेटर, मागचं रेडियम, स्टिअरिंगचा खुळखुळणारा टायरॉड एन्ड, घासून संपत आलेले ब्रेकचे लायनर, सगळं एकदम निघतं. यातलं निम्मं काम मी मालकाला आधीच सांगितलेलं असतं आणि "कापूस विकला की बघू" म्हणून ते पुढे ढकललेलं असतं. मेकॅनिक सांगतो म्हणजे बिल वाढवायला सांगतो, असं गिऱ्हाइकाला वाटतं. (काही ठिकाणी ते खरंही असतं, माझ्याच धंद्यातल्या लोकांना काय झाकायचं.) पासिंगच्या तारखेशी मात्र कुणाला हुज्जत घालता येत नाही.

आता "गाडी तर चांगली चालते" या मुद्द्यावर येतो, कारण खरी गोम तिथेच आहे. गाडी एका दिवसात बिघडत नाही. ब्रेकचं पेडल रोज केसभर खाली जातं आणि आपला पाय तेवढाच जास्त दाबायला शिकतो. स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ येतो, हात तो सांभाळून घेतात. डोळ्याचा नंबर वाढत जावा तसं हे आहे. रोज बघणाऱ्यालाच ते कळत नाही. परका माणूस तीच गाडी चालवायला बसला की पहिल्या वळणावर विचारतो, "अरे, ही डावीकडे का ओढते?"

ओढण्याचं कारण बऱ्याचदा ब्रेकमध्ये असतं. एका चाकाचा ब्रेक घट्ट धरतो, दुसऱ्याचा सिलिंडर गळून लायनर तेलकट झालेलं असतं किंवा कॅलिपरचा पिस्टन जाम झालेला असतो. गावात हळू ब्रेक मारताना हे जाणवतही नाही. समोर अचानक म्हैस आली आणि पूर्ण ताकदीने पाय पडला की गाडी आडवी होते. स्वयंचलित तपासणी केंद्रात हे पकडायला रोलर असतात : चाकं रोलरवर चढवायची, यंत्र ती फिरवतं, ब्रेक दाबला की डाव्या चाकाला किती जोर लागला आणि उजव्याला किती, ते आकड्यात येतं. हेडलाइटचा झोत कुठे पडतो, तेही यंत्रच सांगतं. २०२१ साली केंद्र सरकारने अशा केंद्रांचे नियम केले, ते मला पटले. डोळ्यांनी पाहून आणि थोडं अंतर चालवून जे कळतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. शिवाय आकड्याशी घासाघीस करता येत नाही.

कारण घासाघीस होते, हेही सांगायला हवं. नाव कुणाचं घेत नाही, पण त्या दिवसापुरते दुसऱ्या ट्रकचे टायर चढवून आणलेली गाडी मी पाहिली आहे. पासिंग झालं की संध्याकाळी टायर परत मूळ गाडीवर आणि ही पुन्हा गुळगुळीत रिमोल्डवर (जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले). कारच्या आणि ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी आणि रिक्षाला ०.८. पण हा नियम एका दिवसापुरताच पाळला तर प्रमाणपत्राला कागदापलीकडे किंमत राहत नाही.

दुसरी मर्यादा प्रामाणिकपणे केलेल्या पासिंगलाही आहे. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई–आग्रा महामार्गावर एक मालट्रक पुढच्या वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाले, असं पोलिसांनी सांगितलं. ही बातमी आली तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक ड्रायव्हर "ब्रेक फेल" हा शब्द देवाची करणी असल्यासारखा उच्चारतो. तसं ते नसतं. बिजासन घाट उतरताना भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकला की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते. ड्रायव्हर पंप मारत राहतो आणि एअर ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरते. सकाळी रोलरवर उत्तम ठरलेला ब्रेकसुद्धा दुपारी घाटात असा हरू शकतो, कारण तपासणी थंड ब्रेकवर आणि बहुतेकदा रिकाम्या गाडीवर होते. आणि ज्या डिझेलसाठी न्यूट्रल करतात ते वाचतही नाही : आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. हे मी कितीदा सांगितलं तरी जुन्या उस्तादाने शिकवलेलं सुटत नाही.

आणि काही अपघातांपुढे पासिंगचा काही संबंधच उरत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्याच्यासोबत निघालेले किमान पंधरा मजूर गेले. माल आणि माणसं एकाच ट्रकमध्ये रात्री निघतात, हे कुठल्या रोलरवर दिसणार? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि सरकारी अहवालात सर्वांत मोठं कारण अतिवेग आहे. बिघडलेली गाडी त्याच्या बरीच खाली येते. (पंचनाम्यात वेग लिहिणं सोपं, जळालेलं लायनर उघडून बघायला वेळ कुणाला, हे मात्र मनात येतंच.)

परदेशातले दाखलेही लोक आता मोबाइलवर दाखवतात. अमेरिकेत टेक्सास राज्याने खासगी गाड्यांची सक्तीची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. न्यू जर्सीने २०१० सालीच केली होती आणि नंतरच्या अभ्यासात त्यामुळे मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. उलट जर्मनीत नवी कार तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी दाखवावीच लागते. माझं म्हणणं एवढंच की तिकडचा निकाल उचलून इकडे लावू नका. ज्या गाडीचा मालक तपासणी नसतानाही वेळेवर टायर बदलतो, तिला तपासणीने थोडंच मिळणार. आमच्याकडे तारखेच्या भीतीनेच दिवे लागतात.

उलट माझी तक्रार अशी की सक्ती चुकीच्या जागी सैल आहे. खासगी कारला नोंदणीची पहिली पंधरा वर्षं कुणी विचारत नाही, मग नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. पीयूसी मध्ये मध्ये होते, पण ती धूर बघते, ब्रेक नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हात पंधरा वर्षं म्हणजे टायरचे तीन-चार संच झाले पाहिजेत. पण कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत दिसते म्हणून कुणी बदलत नाही, आणि कडेच्या भिंतीला मात्र बारीक चिरा पडलेल्या असतात. (टायरवर चार आकड्यांत बनवल्याची तारीख असते, आधी आठवडा, मग साल : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाली वाकून एकदा बघा.) ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतलं पाणी शोषतं, मग घाटात तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी आहे.

आणि ट्रॅक्टर-ट्रॉली! कापूस जिनिंगला निघाला की रात्री या महामार्गावर ट्रॉल्यांची रांग असते. मागे दिवा नाही, रेडियम नाही, कापसाचा फुगवटा दोन्ही बाजूंनी बाहेर. शेतीच्या ट्रॅक्टरला ट्रकसारखं वर्षावर्षाचं पासिंग नाही. बस आणि ट्रकवर दहा कागद मागणाऱ्या व्यवस्थेच्या डोळ्यांसमोरून हे काळोखात जातं आणि दुचाकीवरचं पोर त्यावर आदळतं. शेतकऱ्यावर आणखी एक फी बसवा, असं मी म्हणणार नाही. माझे अर्धे गिऱ्हाईक शेतकरीच आहेत आणि मीही त्यांच्यातलाच. पण हंगामाआधी बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या दारात मागचा दिवा आणि रेडियम बघूनच ट्रॉली आत घ्यायची, एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

मास्तरांच्या मारुतीचं उत्तर राहिलं. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, म्हणून ते वैतागले होते. मी त्यांना म्हटलं, सर, आधी गाडी लिफ्टवर घेऊ. खालचा पत्रा आणि ब्रेकचे पाइप गंजले नसतील तर टायर, ऑइल आणि लायनर करून घ्या, मग खुशाल पाच हजार भरा, गाडी अजून चालेल. पत्रा गेला असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या; तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. त्यांना दुसरा पर्याय आवडला नाही. पत्रा निघाला चांगला, पण मागचा डावा ब्रेक अजिबात धरत नव्हता. "मला तर कधी जाणवलं नाही," असं म्हणत ते बराच वेळ त्या ड्रमकडे बघत होते. सिलिंडर बदलायला जेमतेम तासभर लागला.